16 वर्षांची नोकरी सुटतेय. बदल मनाने कसा स्वीकारायचा आणि घरी कसं सांगायचं?

तुम्ही लिहिलंय की गोव्यात कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत 16 वर्षं झाली, युनिट आता पुण्याला हलतंय, कंपनी म्हणते तिकडे या नाहीतर हिशेब घ्या. वय 43. घरी अजून सांगितलेलं नाही.

मनाचं आधी सांगतो. मन सगळ्यात शेवटी येतं. कागद आणि हात कामाला लागले की ते आपोआप मागून येतं. मन तयार होईपर्यंत थांबलात तर नुकसान ठरलेलं, आणि ते कसं होतं हे मला नीट माहीत आहे, कारण डिचोली तालुक्यात माझं अवजड गाड्यांचं गॅरेज आहे.

10 सप्टेंबर 2012 ला सरकारने गोव्यातल्या लोखंडाच्या खाणी थांबवल्या, 5 ऑक्टोबरला सुप्रीम कोर्टाचा आदेश आला. खाण ते जेटी खेपा मारणारे टिपर ट्रक दारादारात उभे राहिले. माझ्या थोरल्या भावाचाही राहिला. दादा म्हणायचा, दिवाळीपर्यंत सुरू होईल. मग म्हणाला शिगम्यापर्यंत, म्हणजे होळीपर्यंत. मी म्हणत होतो, आत्ता गिऱ्हाईक आहे, वीक. त्याचं उत्तर एकच: गाडी विकली की खेपांची लाइन गेली.

उभी गाडी जशी ठेवली तशी राहते असं लोकांना वाटतं. ती रोज बिघडत असते. टिपरला 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात. चार्ज न करता दोन-तीन महिने ठेवल्या की आत पांढरा थर धरतो, मग कितीही चार्ज करा, धरत नाहीत. दहा टायरांवर सगळं वजन एकाच जागी, तिथे चपटे पडतात आणि बाजूला चिरा जातात. हँडब्रेक ओढून ठेवला तर ब्रेकचे लायनर चाकाच्या ड्रमला चिकटतात, म्हणून ब्रेक सोडून चाकांना दगड लावायचे असतात. सगळ्यात वाईट डिझेलची टाकी. अर्धी रिकामी ठेवली की आपल्याकडच्या पावसाळ्यात आतल्या हवेतल्या ओलाव्याचं पाणी होतं, ते तळाला बसतं, पाणी आणि डिझेल जिथे मिळतात तिथे काळी बुळबुळीत शेवाळासारखी घाण वाढते. आधी फिल्टर चोंदतो, मग पंप जातो, मग नोझल. ठेवायचीच असेल तर टाकी काठोकाठ भरून ठेवायची.

दादा गाडीची काळजी घ्यायचा, हे मुद्दाम सांगतो. रोज सकाळी फणसाखाली जाऊन दोन मिनिटं इंजिन चालू करायचा आणि बंद करायचा. त्याला वाटायचं गाडी जिवंत ठेवतोय. दोन मिनिटांत इंजिन तापत नाही, आत धरलेला ओलावा ऑइलमध्येच राहतो, स्टार्टरने बॅटरी जेवढी खाल्ली तेवढी परत भरत नाही. त्यापेक्षा पंधरा दिवसांतून एकदा, अर्धा तास, गाडी रस्त्यावर काढली असती तर फायदा होता.

तुम्ही रोज रात्री मोबाइलवर नोकरीच्या जाहिराती चाळत असणार. ती ही दोन मिनिटं. त्याऐवजी शिल्लक रजेतले सलग दहा दिवस काढा आणि ज्या कामाचा विचार आहे तिथे जाऊन उभे राहा: ओळखीच्याचं वर्कशॉप, कोल्ड स्टोरेज, हॉटेलचा मेंटेनन्स विभाग, काहीही. दहा दिवसांत कळतं अंग काम घेतं की नाही.

आता कागद. कंपनी टाइप केलेला राजीनामा पुढे करेल. लगेच सही करू नका. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सुटताना मिळणारी एकरकमी रक्कम, राजीनाम्यानंतरही मिळते, पण कायद्याने कामगार वर्गात असाल (मॅनेजर नव्हे) आणि कंपनीने कामावरून कमी केलं तर दर पूर्ण वर्षामागे 15 दिवसांच्या सरासरी पगाराची भरपाई वेगळी असते, ती स्वतःहून राजीनामा दिलेल्याला मिळत नाही. नेमणूकपत्रात बदलीची अट आहे का बघा, सगळा वाद त्यावर फिरतो. तेवढा कागद घेऊन कामगार कायद्याच्या वकिलाकडे एकदा जा.

ग्रॅच्युइटीचा हिशेब: मूळ पगार अधिक महागाई भत्ता, भागिले 26, गुणिले 15, गुणिले वर्षं. 26,000 असेल तर वर्षाला 15,000, म्हणजे 16 वर्षांचे 2,40,000. शेवटच्या वर्षात सहा महिन्यांच्या वर काम झालं असेल तर ते पूर्ण वर्ष धरतात, तेव्हा तारीख तपासून मगच बाहेर पडा. पैसे 30 दिवसांत द्यावे लागतात.

पीएफ काढून घर दुरुस्त करायला जाऊ नका. पीएफच्या पेन्शनला 10 वर्षांची नोकरी लागते, ती तुमची झालीय. आणि पीएफच्या कागदांवर आणि आधारवर नाव जुळतं का ते आजच बघा. गोव्यात हे हमखास अडतं: जन्मदाखल्यावर नाईक पोर्तुगीज वळणाने ‘क्यू-यू-ई’ लावून, आधारवर नुसता ‘के’. कंपनीचं ऑफिस इथे आहे तोवर दुरुस्ती सोपी, पुण्याला गेल्यावर कोण फोन उचलतो?

घरी सांगायचं ते कागद हातात घेऊन. आधी बायकोला, एकटीला, मग त्याच आठवड्यात मुलांना. एका पानावर महिन्याचा न टळणारा खर्च लिहा: हप्ता, शाळा, वीज, गॅस, औषधं. शेजारी हातात येणारी रक्कम. भागाकार केला की किती महिने निघतात ते दिसतं. सहापेक्षा कमी आले तर चवथीचा, म्हणजे गणपतीचा, खर्च आत्ताच ठरवा. फटाके कमी करा, माटोळी (गणपतीवर बांधतात ती फळांची) घरच्या कुळागरातली, म्हणजे बागायतीतली, पुरते. भावांना, सासरवाडीला नंतर सांगा. आधी सांगितलंत तर दहा जण दहा सल्ले देतील आणि त्यातले नऊ ‘थोडं थांब’ म्हणतील.

आणि थांबायला तारीख लावा. दादाला मी एवढंच मागत होतो: 31 मार्चपर्यंत सुरू झालं नाही तर विकायची. त्याने तारीख लावली नाही. गाडीचं आरटीओचं पासिंग दरवर्षी, ते चुकलं, विमा चुकला. 21 एप्रिल 2014 ला कोर्टाने बंदी उठवली, तरी लगेच खेपा मिळाल्या नाहीत. मिळायला लागल्या तेव्हा त्या गाडीला पंप, टायर, बॅटऱ्या, लायनर सगळं नवं लागणार होतं. 16 मार्च 2018 ला खाणी पुन्हा बंद पडल्या. दादा अजून म्हणतो की नशीब फिरलं. मी म्हणतो, टाकी भरली नाहीस आणि तारीख लावली नाहीस.

त्याच्या बाजूचंही लिहायला हवं. 2012 च्या शेवटी सगळेच विकायला निघाले असते तर भाव पडलाच असता, आणि गाडीवर कर्ज असलेल्यांना विकूनही सुटका नव्हती. तसंच तुमचं: पुण्याला पगार खरोखर वाढत असेल आणि मुलं सातवीच्या आत असतील तर जाणं चूक नाही. फक्त तिथलं भाडं पानावर धरा. दहावीच्या वर्षात मात्र घर हलवू नका.

मूळ पगार आणि रुजू झाल्याची तारीख खाली लिहा, ग्रॅच्युइटीचा आकडा काढून देतो.