चार वर्षांचा फेरेट (मुंगसासारखा लांबट पाळीव प्राणी) मागचे पाय ओढत चालतो, मध्येच शून्यात बघत बसतो. वय झालं म्हणायचं की आजार?

आजारच धरून चाला. फेरेट दिवसाला 14 ते 18 तास झोपतो, कधी इतका गाढ की मेला की काय असं वाटावं, त्यामुळे नुसत्या झोपेला घाबरू नका. पण एकटक बघणं, लाळ गळणं, पुढच्या पंजांनी तोंड ओरबाडणं आणि मागचे पाय लुळे पडणं हे एकत्र दिसलं तर पहिला संशय इन्सुलिनोमाचा. स्वादुपिंडात गाठ होते, ती भरमसाट इन्सुलिन सोडते आणि रक्तातली साखर घसरते. म्हणजे मधुमेहाच्या नेमकं उलट. रक्ततपासणीत साखर 60 च्या खाली आली तर निदान बहुतेक पक्कंच.

तो कोसळला तर इअरबडने (कान पुसायच्या कापसाच्या काडीने) हिरड्यांना थोडा मध चोळा. झटका आलेला असेल तर तोंडात बोट घालू नका, कडकडून चावेल. शुद्धीवर आला की मांसाचं खाणं द्या आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. मधाने तरतरी येते, गाठ जात नाही.

शेपटीपासून केस गळू लागले तर मूत्रपिंडाजवळच्या ॲड्रिनल ग्रंथी तपासून घ्या. त्याला थोडा वेळ असतो. नर लघवीसाठी कुंथतोय आणि थेंबही येत नाही, तर मात्र रात्रीसुद्धा थांबू नका. खाणं-शी बंद झाली तर आधी घरातले रबराचे तुकडे मोजा, कारण या पठ्ठ्यांना रिमोटची बटणंसुद्धा गोड लागतात!