गाडी विकली म्हणजे नेमकी कुठं विकली? : वाचकांचे प्रश्न

वाहन बाजाराच्या आकड्यांबद्दल तुमचे प्रश्न मागवले होते. बरेच आले, त्यातले चार घेतलेत. 'कोणती गाडी घेऊ' विचारणारे सगळे बाजूला ठेवलेत, राग नसावा.

प्रश्न : सर, वाळूजला आमचं छोटं प्रेस शॉप आहे, मशीनवर पत्रा दाबून टू-व्हीलरचे पार्ट जॉबवर्कवर करून देतो. महिना सुरू झाला की बातमी येते विक्री वाढली, आठ दिवसात दुसरी बातमी, विक्री घटली. आमच्याकडं शेड्यूल, म्हणजे या महिन्यात किती पार्ट द्यायचे ते, येतं ते तिसरंच. खरं कुणाचं धरायचं?
– एक वाचक, वाळूज

उत्तर : दादा, तिन्ही खरं आहे, गंमत तीच आहे. १ तारखेला कंपन्या सांगतात तो आकडा बहुतेक वेळा डिस्पॅचचा असतो, म्हणजे गेटातून गाडी निघाली, डीलरच्या नावानं बिल फाटलं, झाली विक्री. पुढं सियाम, म्हणजे कंपन्यांचीच संघटना, हेच एकत्र करून देते. दुसरी बातमी येते ती फाडाची, ही डीलर लोकांची संघटना, आणि ते मोजतात आरटीओत रजिस्टर झालेल्या गाड्या, सरकारच्या 'वाहन' पोर्टलवरून. आता मधे जी गाडी डीलरच्या यार्डात धूळ खात उभी आहे ती पहिल्याच्या हिशोबात विकलेली आणि दुसऱ्याच्या हिशोबात न विकलेली. २०२४ च्या सप्टेंबरात हे लई फुगलं होतं, फाडानं सांगितलं की कार डीलरांकडं ८० ते ८५ दिवसांचा स्टॉक पडून आहे, जवळपास ७९ हजार कोटींचा, आणि त्यांच्या मते असायला पाहिजे २१ दिवसांचा. त्या स्टॉकचं व्याज डीलर भरतो म्हणून तो ओरडणारच, आणि माल गेटाबाहेर गेला की कंपनीचा महिना चांगला दिसणारच. दोघंही खोटं बोलत नाहीत, पण दोघंही आपापल्या दारात उभं राहून मोजतात एवढं ध्यानात ठेवा.

पण खरं सांगू का, तुमच्या कामाचा आकडा या दोन्हीत नाही. तुमचा पार्ट गाडी विकल्यावर नाही, गाडी बनताना लागतो, म्हणून तुम्ही बघायचं प्रॉडक्शन, आणि त्याच्या शेजारी एक्सपोर्ट. वाळूजचा बजाजचा प्लँट १९८५ पासून चालू आहे आणि बजाजच्या मोटरसायकली बाहेरच्या देशांत किती जातात हे तुम्हाला मी काय सांगावं. २०२३ मधे नायजेरियाचं चलन, नायरा, गडगडलं आणि तिथली मागणी बसली, तो बजाजचा फार मोठा गिऱ्हाईक देश. इथं संभाजीनगरात शोरूमला दिवाळीची गर्दी असली तरी नायजेरियातला बाईक-टॅक्सीवाला गाडी घेईना झाला की शेड्यूल हलू शकतं. कंपनीच्या महिन्याच्या प्रेस नोटमधे डोमेस्टिक आणि एक्सपोर्ट वेगवेगळं दिलेलं असतं, फुकट असतं, दोन मिनिटं लागतात. पेपरवाले वरची एकच ओळ छापतात आणि आपण तेवढीच वाचून जॉबवर बसवलेल्या पोरांना कमी करायचं की वाढवायचं ते ठरवतो.

प्रश्न : माझा जुने ट्रॅक्टर घेण्या-विकण्याचा धंदा आहे. देशाचे आकडे कळून मला काय करायचंय, मला माझ्या भागातलं पाहिजे. मिळतं का कुठं?
– एक वाचक, लातूर

उत्तर : मिळतं की भाऊ, आणि पैसे न देता. 'वाहन'चा डॅशबोर्ड उघडा, राज्य महाराष्ट्र, मग आरटीओ निवडा, लातूर, धाराशिव, अंबाजोगाई, नांदेड, जो पाहिजे तो. एका बाजूला मेकर, म्हणजे गाडी बनवणारी कंपनी, लावा, दुसऱ्या बाजूला महिना. कोणत्या कंपनीचे किती ट्रॅक्टर कोणत्या महिन्यात रजिस्टर झाले ते समोर येतं. फक्त वाहनाचा प्रकार निवडताना शेतीचा ट्रॅक्टर, कमर्शियल ट्रॅक्टर आणि ट्रॉली हे वेगवेगळं आहे, सगळं एकत्र धरलं की ट्रॅक्टर आणि त्याच्या मागची ट्रॉली दोन गाड्या होतात आणि तुम्ही म्हणाल बाप्पा किती खपायलेत. अजून एक, चालू महिन्याचा आकडा उगं बघू नका, तो रोज बदलतो, रजिस्ट्रेशनला दिवस लागतात. मागचा महिना पूर्ण झाल्यावर चार-पाच दिवसांनी बघा.

आणि तुमच्या धंद्यात जुन्याचा भाव नव्यावरून ठरतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ चा ५ टक्के झाला, त्या दिवशी तुमच्या दारातल्या जुन्या मालाची किंमत कुणी न विचारता खाली आली. बाकी आडतीवरचा सोयाबीनचा भाव तुम्ही बघताच. २०२४ ला हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि मोंढ्यात शेतकरी त्याच्या बरंच खाली विकत होता, हे कुठल्याच ऑटो रिपोर्टात ठळक छापत नाहीत, पण लातूरच्या ट्रॅक्टरचं मूळ तिथं आहे.

प्रश्न : मी बीकॉमला आहे. 'गाड्यांच्या विक्रीत प्रचंड टक्के वाढ' अशा हेडलाइनवर प्रोजेक्ट करू का?
– एक विद्यार्थिनी, जालना

उत्तर : कर की, पण हेडलाइन कशी फसवते यावर कर, मार्कं जास्त मिळतील. एप्रिल २०२० मधे लॉकडाऊनमुळं कंपन्यांची देशातली विक्री चक्क शून्य होती, मग एप्रिल २०२१ ची वाढ किती टक्के? काढताच येत नाही. दुसरं उदाहरण सप्टेंबर २०२५ चं घे, जीएसटी कमी होणार हे १५ ऑगस्टला कळलं, लोक थांबले, त्यात ७ सप्टेंबरपासून पितृपक्ष, मग घटस्थापनेला नवीन दर लागू, छोट्या कार आणि ३५० सीसीपर्यंतच्या बाईक १८ टक्क्यांत आल्या, आणि एकदम झुंबड. आता त्या एका महिन्याचं मागच्या वर्षीच्या सप्टेंबरशी काय जुळणार? ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर तिन्ही मिळून बघावं लागतं.

आणि आपल्याच गावचं उदाहरण राहिलं, ऑक्टोबर २०१० मधे औरंगाबादच्या लोकांनी मिळून एका दिवसात १५० मर्सिडीज उचलल्या होत्या, सुमारे ६५ कोटींच्या. कौतुक देशभर झालं. पण कुणी पुढच्या ऑक्टोबरची तुलना त्याच्याशी केली असती तर शहर बुडालं असंच वाटलं असतं.

प्रश्न : मला स्पेअर पार्टचं गोडाऊन टाकायचंय. एक जण इलेक्ट्रिक गाड्यांचा 'स्वतंत्र' मार्केट रिपोर्ट देतो म्हणतोय, किंमत लाखाच्या वर. घ्यावा का?
– एक वाचक, बीड

उत्तर : आधी त्याला विचारा, आकडा कुठून आणला? 'वाहन'मधून असेल तर तो आपल्यालाही दिसतो, लाख रुपये कशाचे? स्वतः डीलरकडं फिरून विचारलं असेल तर किती डीलर, कोणत्या जिल्ह्यातले, ते लिहून मागा. दुसरं, याचे बाकीचे गिऱ्हाईक कोण? ज्या कंपन्यांबद्दल लिहितो त्यांच्याच जाहिरातीवर चालत असेल तर 'स्वतंत्र' हा शब्द हलक्या हातानं घ्यायचा. तिसरं, पाच वर्षांपूर्वी यानंच केलेला अंदाज दाखव म्हणा. नवीन अंदाज सगळेच देतात, जुना दाखवायला कुणी तयार नसतं.

रजिस्ट्रेशनच्या आकड्यालाही मर्यादा आहे बरं का. तेलंगण बरीच वर्षं 'वाहन'वर नव्हतं, म्हणजे 'देशाचा आकडा' म्हणून जे छापायचे त्यात आपल्या नांदेडच्या शेजारचंच राज्य गायब. पण कंपनीच्या दाव्याला ताळा लावायला हाच आकडा कामाचा, फेब्रुवारी २०२५ मधे एका इलेक्ट्रिक स्कूटर कंपनीनं २५ हजारांवर विक्री सांगितली आणि 'वाहन'वर दिसल्या साडेआठ हजारांच्या आसपास, मग रजिस्ट्रेशन करणाऱ्या एजन्सीकडं नोंदणी अडकली असं कारण पुढं आलं.

आणि 'तीनचाकीत निम्म्याहून जास्त इलेक्ट्रिक' असं त्या रिपोर्टात ठळक अक्षरात असेल, ते खरंय, पण त्यात उत्तर भारतातल्या ई-रिक्षांचा ढीग मोठा आहे. बीड बसस्टँडबाहेर उभं राहून मोजा एकदा, कोणत्या रिक्षा जास्त आहेत. मी तुमच्या जागी असतो तर तो लाख रुपये मालात घातला असता, बीड आणि अंबाजोगाई आरटीओचे मागच्या पाच वर्षांचे मेकरवाइज आकडे उतरवून घेतले असते आणि वॉरंटी संपून ज्या गाड्या आता बाहेरच्या मेकॅनिककडं यायला लागल्यात त्यांचे क्लच प्लेट, ब्रेक शू आधी भरले असते. २०२५ मधे विकलेल्या गाडीचं गिऱ्हाईक तुमच्याकडं यायला अजून वेळ आहे.