वाचक विचारतात : पेरानाकन जेवण, स्वस्तात

प्रश्न : सिंगापूरच्या हॉकर सेंटरमध्ये (स्वस्त खाण्याच्या गाळ्यांचं आवार) पेरानाकन, म्हणजे तिथल्या चिनी-मलय मिश्र समाजाचं, काय खावं? आम्ही डुकराचं मांस खात नाही.

उत्तर : पोटभर आणि स्वस्त हवं तर लाक्सा, म्हणजे नारळाच्या दुधाच्या मसालेदार रश्श्यातले नूडल्स. आयाम बुआ केलुआक थोडं महाग, पण खाच. त्यात चिंचेच्या रश्श्यात कोंबडी आणि केलुआक झाडाच्या काळ्या बिया असतात. कच्च्या बीत सायनाइड, म्हणून ती आंबवतात, मग काही दिवस पाणी बदलत भिजवतात. कवचाच्या भोकातून गर कोरून भातात कालवा. नुसता कडवट लागतो. गरात कधी डुकराचा खिमा मिसळतात, आधी विचारा. पदार्थाच्या नावात ‘बाबी’ हा मलय शब्द असेल तर ते डुक्करच. ‘चाप चाय’ भाजी दिसते शाकाहारी, पण तिच्यात बहुधा सुकी कोळंबी! ट्रे स्वतः परत ठेवा. २०२१पासून सक्ती आहे.