वारशातलं रिव्हॉल्व्हर: भाव कशावर ठरतो?

प्रश्न (सातारा): वडील वारले. आजोबा फौजेत होते, त्यांचं .455 वेब्ली रिव्हॉल्व्हर वडिलांच्या परवान्यावर होतं. उजव्या बाजूला 1916 असं साल आहे. शंभर वर्षं उलटली, म्हणजे आता परवाना लागत नाही ना? विकलं तर किती येतील?

परवाना लागतो. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 45 मधली सूट जुन्या हत्यारांना आहे खरी, पण दुरुस्ती करून किंवा न करताही जे चालूच शकत नाही, त्याच हत्याराला. तुमचं मार्क 6 आहे. हे मॉडेल 1915 मध्ये ब्रिटिश फौजेत आलं आणि नीट राखलेलं असेल तर आजही चालतं. त्यामुळे आधी ते काडतुसांसकट पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक डीलरकडे जमा करा आणि पावती घ्या. मालक वारल्यावर बिनपरवाना घरात ठेवलेलं हत्यार हा गुन्हा ठरतो, कपाटाला कुलूप असलं तरी. जमा केल्यावर ते विकण्याचा हक्क वारसांकडे राहतो, पण ठरलेल्या मुदतीतच. मुदत टळली तर जिल्हा दंडाधिकारी ते सरकारजमा करू शकतात. बाकीच्या वारसांची ना-हरकत आजच लिहून घ्या. व्यवहार बहुतेक वेळा तिथेच अडतो.

आता भाव. आपल्याकडे तो आधी बोअरवर (नळीच्या आतल्या व्यासावर) ठरतो, मग कागदांवर आणि शेवटी हत्याराच्या अवस्थेवर. .455 आणि .380 ही काडतुसं ज्यात बसतात आणि उडतात, ती रिव्हॉल्व्हरं 2016 च्या शस्त्र नियमांत निर्बंधित वर्गात आहेत. त्यांचा परवाना केंद्र सरकारकडून मिळतो आणि तो फार थोड्यांकडे असतो. गिऱ्हाईकच नाही, म्हणून हत्यार कितीही देखणं असलं तरी भाव पडेल. लंडनच्या लिलावाचे आकडे इथे लावू नका. शंभर वर्षांवरची वस्तू पुरावशेष कायदा 1972 खाली येते आणि ती खाजगीरीत्या देशाबाहेर पाठवता येत नाही.

प्रश्न (नागपूर): वेब्ली अँड स्कॉट .32, वारसा हक्काने परवाना माझ्या नावावर झाला आहे. डीलर म्हणतो, "खेळ आला आहे (म्हणजे सांधे ढिले झालेत), भाव कमी होईल." खरं-खोटं कसं ओळखायचं?

.32 म्हणजे तुमची बाजू भक्कम आहे. हे बोअर साध्या परवान्यावर चालतं, आणि परदेशी हत्यारांची आयात सर्वसामान्य परवानाधारकाला गेली कित्येक दशकं जवळपास बंद असल्याने जुन्या विलायती मालाला मागणी आहे. म्हणूनच डीलर घासाघीस करतो. कधी त्याचं खरंही असतं. तपासणी अशी करा.

हत्यार उघडा आणि सिलिंडरची सगळी घरं डोळ्यांनी पाहा, शिवाय बोट फिरवून रिकामी असल्याची खात्री करा. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. मग हत्यार बंद करून एका हातात मूठ आणि दुसऱ्या हातात नळी धरून डावी-उजवीकडे हलवा. वेब्ली मधून मोडून उघडतं, त्यामुळे त्याची बिजागरी आणि वरची खिट्टी हीच झिजायची ठिकाणं. इथे टकटक जाणवली तर डीलर बरोबर आहे. हे दुरुस्त करायला मुरलेला कारागीर लागतो आणि तो खर्च भावातून वजा होणारच.

पुढे घोडा अगदी सावकाश मागे ओढा. घोडा अडकण्याआधी किंवा अडकतानाच सिलिंडर "टक" करून आपल्या जागी बसायला हवा. प्रत्येक घरासाठी हे वेगळं करून पाहा, कारण पाच घरं नीट असतात आणि सहावं चुकतं. मागे राहणारा सिलिंडर म्हणजे गोळी नळीच्या तोंडावर तिरकी आपटणार आणि शिसं बाजूने उडणार. घोडा पूर्ण चढलेला असताना त्याला मागून अंगठ्याने पुढे दाबा. तो सुटला तर हत्यार धोकादायक आहे आणि दुरुस्त होईपर्यंत त्याची किंमत लावण्यातही अर्थ नाही. ही चाचणी करताना आतली सुई रिकामी आपटू देऊ नका, घरांत डमी (दारू नसलेली) काडतुसं भरा.

सिलिंडर आणि नळी यांच्यातली फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. 0.10 ते 0.20 मिलिमीटर चांगली, 0.25 च्या वर गेली की झीज. नळीच्या सिलिंडरकडच्या तोंडाशी पांढरा कागद धरून पुढून आत पाहा. नळीतले पिळाचे चरे तीक्ष्ण दिसले पाहिजेत. काळे ठिपके म्हणजे गंजाचे खड्डे, जुन्या काडतुसांच्या बुडातल्या, ठिणगी पाडणाऱ्या क्षारयुक्त टोपीची देणगी. ते घासून जात नाहीत.

शेवटी चौकट, नळी आणि सिलिंडर यांच्यावरचे क्रमांक जुळवा, आणि तोच क्रमांक परवान्यावर आहे का तेही. परवान्यावर एक आकडा चुकलेला असला तर विक्रीआधी दुरुस्त करून घ्या.

प्रश्न (रत्नागिरी): दाखवण्याआधी पॉलिश करून निकेल चढवून घ्यावं का?

नाही. पॉलिशच्या चाकावर अक्षरांच्या कडा गोल होतात, प्रूफ हाऊसचे (हत्यार तपासून पास करणाऱ्या संस्थेचे) शिक्के पुसट होतात, स्क्रूभोवती खळगे पडतात, आणि जाणकार हेच आधी पाहतो. फिकट झालेला मूळ निळसर मुलामा नव्या चकचकीतापेक्षा जास्त पैसे देतो. मऊ कापडाने पातळ गन ऑइल लावा. खोबरेल नको, ते चिकट होऊन आतले भाग अडतात. आणि चामड्याच्या म्यानात ठेवू नका. कोकणातल्या पावसाळ्यात चामडं ओल धरतं आणि त्याच्याखाली गंजाचे डाग पडतात.

प्रश्न (पुणे): डीलर जुन्या .32 च्या बदल्यात कानपूरचं नवं .32 देऊ म्हणतो. बदली करावी का?

दोन आकडे वेगवेगळे मागा: जुन्याचे रोख किती, आणि नवं रोखीने घेतलं तर किती. समजा जुन्याला बदलीत 1,50,000 दिले, पण नव्यावर 40,000 जास्त लावले, तर तुम्हाला मिळाले 1,10,000. तेवढेच रोख देणारा दुसरा कोणी असेल तर बदलीत काही विशेष नाही. निदान तीन डीलरांना विचारा, आणि दुकानात विक्रीला ठेवलं तर कमिशन किती हेही. सहसा त्यात जास्त मिळतं, पण महिने जातात.

थेट दुसऱ्या परवानाधारकाला विकायचं असेल तर जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या पोलिस ठाण्याला घेणाऱ्याच्या तपशिलासह लेखी कळवा आणि 45 दिवस थांबा. त्याआधी हत्यार ताब्यात देऊ नका, आगाऊ रक्कमही शक्यतो घेऊ नका. 2019 पासून एका व्यक्तीला दोनच हत्यारं ठेवता येतात. घेणाऱ्याकडे आधीच दोन असली तर व्यवहार होणार नाही.

प्रश्न (ह्यूस्टन): अमेरिकन सासऱ्यांकडून स्मिथ अँड वेसन मिळालं. मुठीखाली V ने सुरू होणारा क्रमांक, पाच इंची नळी. भाव कसा काढू?

हे दुसऱ्या महायुद्धातलं व्हिक्टरी मॉडेल. पाच इंची नळी बहुधा ब्रिटिशांसाठी बनली, .38/200 म्हणजेच .38 एस अँड डब्ल्यू (स्मिथ अँड वेसन) बोअरची. त्यातली बरीच हत्यारं युद्धानंतर .38 स्पेशल या लांब काडतुसासाठी आतून कोरून घेतली गेली. ओळख सोपी आहे: .38 स्पेशलचं रिकामं कवच 29.3 मिलिमीटर लांब असतं, .38 एस अँड डब्ल्यूचं 19.7. लांब कवच घरात पूर्ण बसलं तर कोरलेलं आहे. घराचा मागचा भाग मूळचाच रुंद असल्याने असं कवच उडताना फुगतं, कधी फाटतं. संग्राहक अशा हत्याराला बराच कमी भाव देतो. नळी कापलेली आहे का तेही पाहा.

मुठीखालचा क्रमांक सिलिंडरच्या मागच्या बाजूला आणि नळीखाली जुळला पाहिजे. मंद, राखाडी मुलामा आणि गुळगुळीत अक्रोडाच्या मुठी मूळच्या. लिलावाच्या साइटवर मागितलेल्या किमती पाहू नका, प्रत्यक्ष विकलेल्या पाहा. स्मिथ अँड वेसन हिस्टॉरिकल फाउंडेशनचं पत्र मागवलं तर कारखान्यातून कधी निघालं ते कळतं. साध्या हत्यारासाठी तो खर्च नको, पण मुलामा आणि क्रमांक दोन्ही मूळचे असतील तर मागवा. टेक्सासबाहेरच्या माणसाला विकाल तर परवानाधारक डीलरमार्फतच. आणि क्रमांक SV ने सुरू होत नसेल तर घोड्याखालचं घर रिकामं ठेवा. हॅमर ब्लॉकची (घोड्याला पुढे जाण्यापासून अडवणाऱ्या पट्टीची) सुधारणा SV पासून आली, त्याआधीची हत्यारं पडल्यावर उडू शकतात.