पूर्वी लग्न होऊन आलेल्या बाईला घरच्या धंद्यात काही स्थान होते का?

लग्न होऊन आलेल्या बाईला घरच्या धंद्यात पूर्वी स्थान होते, की हे सारे अलीकडचे आहे, असे आपण विचारले आहे. काम पूर्वीही होते. नावावर काही नव्हते. माझे आजोळ सोलापूरच्या हातमागवाल्यांचे असल्यामुळे मी तिथूनच सुरुवात करते.

आजोबा मागावर बसत आणि आजी ओसरीवर रहाटाने कांड्या, म्हणजे आडव्या सुताच्या नळ्या, भरीत असे. मागावर इकडून तिकडे फिरणाऱ्या धोट्यातली कांडी संपली की माग थांबतो, म्हणून स्वयंपाक, मुले, पाहुणे सांभाळून दिवसभराच्या कांड्या आधीच भरून ठेवणे तिच्याकडे होते. तिचा हात लागल्याशिवाय लुगडे मागावरून उतरत नसे. व्यापाऱ्याच्या वहीत मात्र सूत नेल्याची आणि मजुरी दिल्याची नोंद आजोबांच्याच नावाने होई. याला शास्त्राधारही होता. स्त्रीने शिल्पकर्माने मिळवलेल्या धनावर पतीचे स्वामित्व असते, असे प्राचीन स्मृतिकार कात्यायनाचे वचन आहे. म्हणजे माहेराहून आलेले दागिने तिचे, पण रहाटावरची कमाई नवऱ्याची. विवाहितेची कमाई तिचीच, असे सांगणारा कायदा १८७४ मध्ये झाला खरा, परंतु हिंदू, मुसलमान, बौद्ध, शीख व जैन स्त्रियांना त्यातून वगळले होते. (मुंबईच्या कोळणींनी कायद्याची वाट पाहिली नाही. मासळी नवऱ्याने आणायची, भाव तिने करायचा आणि पैसा तिच्याच कनवटीला, ही रीत जुनी आहे.)

१९३७ च्या कायद्याने हिंदू विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेत मुलाइतका हिस्सा दिला, पण तो हयातीपुरता. पूर्ण मालकी १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने आली. तरीही धंद्यासाठी कुटुंबाच्या वतीने कर्ज काढणारा आणि सही करणारा 'कर्ता' पुरुषच राहिला. विधवाही कर्ता होऊ शकते, अशी भूमिका नागपूर उच्च न्यायालयाने १९४० च्या दशकात घेतली होती, पण स्त्री सहदायाद (एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत जन्मापासून हिस्सा असणारी) नसल्याने ती कर्ता होऊ शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये ठरवले. मला नागपूरचा विचार अधिक व्यवहारी वाटतो, कारण नवरा गेल्यावर धंदा प्रत्यक्षात तीच चालवत असे.

महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना सहदायाद केले, मात्र तोवर लग्न झालेल्यांना वगळून. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ती अटही गेली, आणि २०१५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने थोरल्या मुलीला कर्ता मानले. हा सारा बदल लेकीसाठी झाला, सुनेसाठी नव्हे. माझ्या मामांचा चादरींचा कारखाना एकत्र कुटुंबाचा आहे. त्यात त्यांच्या मुलीचा जन्मापासून हिस्सा आहे. तीस वर्षे त्याच कारखान्याची बिले लिहिणाऱ्या मामींना मात्र वाटणी होईपर्यंत थांबावे लागेल, किंवा मामांनी रीतसर भागीदारीचा करार तरी करायला हवा. तो अजून झालेला नाही.