आठ वर्षं मोडू नकोस

बाळ,

रविवारी तू विश्रामबागेत घरी आलीस आणि पर्समधून पेन्शनचे पैसे काढायचा १०-सीचा फॉर्म काढलास, तेव्हापासून मला चैन नाही. लग्न ठरलंय, कुपवाडची आठ वर्षांची नोकरी सोडायची, साताऱ्यात दुसरी शोधायची, तोवर पीएफ-पेन्शन काढून लग्नाला लावायचं. "तसंही नवऱ्याला पेन्शन मिळेलच की, काकू." हेच वाक्य मी २००३ साली बोलले होते.

तेव्हा माझी सात वर्षं झाली होती. फ्लॅटसाठी सगळं काढलं. घर हवंच होतं. भाड्याच्या दोन खोल्यांत मुलं वाढत होती. त्या घराला आजही मी कुणाला नावं ठेवू देत नाही. पण पेन्शनचा हिस्सा होता कितीसा! तेवढा न काढता स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे झालेली वर्षं पुढे मोजायचा दाखला, मागितलं असतं, तर ती सात वर्षं शिल्लक राहिली असती. पुढे पुन्हा आठ वर्षं नोकरी केली. राबले पंधरा, मोजली आठच. दहाच्या आत पेन्शन बसत नाही. हे गेल्यावर त्यांच्या पेन्शनची निम्मी मला येते, विधवा म्हणून. माझ्या कष्टाचा त्यात एक रुपया नाही.

वर्षं मोडू नकोस गं.

तुझा पगार होणाऱ्या नवऱ्याहून जास्त, म्हणून तू निर्धास्त. पण ही पेन्शन तुझा वाढलेला पगार बघतच नाही! लागलीस तेव्हा बेसिक बारा हजार होता, म्हणून योजनेत आलीस. आज चाळीस असला तरी हिशोब २०१४ साली ठरलेल्या १५,०००च्या मर्यादेवरच. १५,००० गुणिले वर्षं, भागिले ७०. दहा वर्षांना महिना साधारण २,१४३. वीस पूर्ण झाली की वर आणखी दोन धरतात. तुझ्या हातात आहेत ती वर्षं, आणि तू तीच मोडायला निघालीस. किती वेळा सांगू?

साताऱ्यात नोकरी लागली की हाच यूएएन, पीएफचा कायमचा नंबर, द्यायचा, खातं तिकडे वळवून घ्यायचं. मधे वर्षभर घरी बसलीस तरी आधीची आठ धरली जातात. तुला दोनच हवीत. लग्नाला पैसे कमी पडत असतील तर मांडव लहान घाला. सासूबाईंशी मी बोलते.

फॉर्म इथेच विसरून गेलीस. तो मी परत देणार नाही. रविवारी पासबुकाची प्रिंट घेऊन ये, जेवायलाच ये.

तुझी काकू