डोक्याला मार लागलेला पेशंट पुन्हा पुन्हा बघ

प्रिय डॉक्टर,
अनेक आशीर्वाद.

हायवेलगतच्या रुग्णालयात रुजू झालीस आणि अपघाताच्या केसेस लगेच सुरू झाल्या. डोक्याच्या माराची धास्ती वाटते, असं लिहिलंयस. वाटायलाच हवी. पण डोकं फुटून रक्ताने माखलेल्याकडे सगळेच धावतात. टाळूच्या कातडीला रक्तपुरवठा भरपूर असतो, लहानशा खोकेनेही शर्ट भिजतो. मला जास्त काळजी असते ती "काही झालं नाही, घरी सोडा" म्हणत बाकावर बसलेल्याची.

कानशिलाचं हाड पातळ असतं आणि त्याला लागूनच आतून मेंदूच्या आवरणाची धमनी जाते. तिथे तडा गेला तर कवटी आणि आवरण यांच्यामध्ये रक्त साठू लागतं. माणूस बोलतो, चहाही मागतो. मग डोकं ठणकतं, उलटी होते, गुंगी येते, एका डोळ्याची बाहुली मोठी होते. कवटी हाडाची, ती फुगणार कशी? दाब सगळा मेंदूवर येतो.

म्हणून एकदा तपासून भागत नाही. ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट यांनी १९७४ साली दिलेली, शुद्ध किती आहे याला ३ ते १५ गुण देणारी कोमा स्केल तुला पाठ आहेच, पण केसपेपरवर नुसता '१४' लिहू नकोस. डोळे, बोलणं, हालचाल वेगवेगळं लिही, शेजारी वेळ टाक, आणि पहिले दोन तास दर अर्ध्या तासाने स्वतः जाऊन बघ. १५ चे १३ झाले की सीटी आणि न्यूरोसर्जन असलेल्या ठिकाणी हलवायची तयारी कर. आणि "दारूचा वास येतोय, झोपू दे" हे वाक्य तुझ्या वॉर्डात कुणाला म्हणू देऊ नकोस. प्यायलेल्याच्या डोक्यातही रक्तस्राव होतो.

धडकेत मेंदूचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. त्यानंतरचं नुकसान मात्र आपण टाळू शकतो. ऑक्सिजन कमी पडला, वरचं बीपी ९० च्या खाली गेलं, की जखमी मेंदू आणखी मरतो. मोठ्या माणसाचं बीपी उतरलं तर डोक्याला दोष देऊन थांबू नकोस. पोट, छाती, मांडी बघ, रक्त तिकडे जात असतं. मान कॉलरमध्ये ठेव. स्कोअर ८ किंवा कमी असेल तर आधी श्वासनलिकेत नळी, मग १०८ मध्ये. कुणी सवयीने स्टेरॉइड लिहिलं तर नम्रपणे पण ठाम नकार दे. त्याने मृत्यू वाढतात, हे डोक्याला मार लागलेल्या पेशंटवरच्या २००४ च्या 'क्रॅश' नावाच्या औषध-चाचणीत दिसलं आहे.

रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणाऱ्या आजीआजोबांना किरकोळ मारानंतरही सीटीला पाठव.

सीटी नॉर्मल आला म्हणजे मेंदूला काहीच झालं नाही, असंही नाही. पुढचे काही आठवडे विसरभोळेपणा, चिडचिड, उजेडाचा त्रास होऊ शकतो. घरच्यांना वाटतं, नाटक करतोय. सोडताना हे पेशंटला नको, त्याच्याबरोबर राहणाऱ्या माणसाला सांग. 'रात्री त्याला हाक मारून उठवा, नाव विचारा, उलट्या झाल्या किंवा उठेना तर लगेच घेऊन या', हे मराठीत कागदावर लिहून दे, आणि खाली कॅज्युअल्टीचा फोन नंबर.

तुझे सर